काळाचे कान

जुलै महिन्याच्या अखेरीस पाऊस एकदां नागपुरावर स्थिरावला म्हणजे सिव्हिल लाइन्समधील एका सभागृहाच्या वाटेवर संध्याकाळीं छत्र्यांची दाटी दिसूं लागते. हें सभागृह डॉ. वसंतराव देशपांडे यांच्या नांवाचें आहे. १९८३ सालीं ३० जुलै रोजीं ते निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र या ठिकाणीं संगीत समारोह भरवीत आलें आहे, आणि आम्हीहि पुष्कळ वर्षें त्या छत्र्यांच्या दाटींत सामील होत आलों आहों. ओली छत्री खुर्चीखालीं सारून बसावें, पडद्याआडून तंबोरे जुळत असल्याचा नाद यावा, आणि दिवसभराची कटकट अंगावरून गळून पडावी, हें सुख नागपूरकरांच्या चांगल्या परिचयाचें आहे. त्या समारोहाविषयीं आमच्या मनांत कृतज्ञतेवांचून दुसरी भावना नाहीं.

परंतु घरीं परततांना एक विचार दरवेळीं मनाला चाटून जातो. मूर्तिजापुरास १९२० सालीं जन्मलेले आणि नागपुरांत शंकरराव सप्रे यांच्या विद्यालयांत शिकलेले वसंतराव ऐन उमेदीचीं पुष्कळ वर्षें संरक्षण खात्याच्या हिशेब-कचेरींत नोकरी करीत होते. त्यांच्या गाण्यावर कोणा एका घराण्याचा शिक्का नव्हता; त्यामुळें तें कोणत्या खणांत ठेवावें हें कित्येकांना उमगत नसे. आज त्यांचें नांव सभागृहाच्या दारावर आहे. मनुष्याचें नांव दारावर लावणें आणि मनुष्याला दारांतून आंत घेणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत. त्यांपैकीं पहिलीच आपल्याला अधिक सुलभ वाटते, असें कां व्हावें?

हा प्रश्न आमच्या मनांत असाच अर्धवट पडून राहिला असता. पण मध्यंतरीं स्नेह्यांच्या बैठकींत निघालेल्या एका गोष्टीनें त्याला तोंड फुटलें. आमच्या एका सहकाऱ्यांचा मुलगा कॅलिफोर्नियांत असतो. त्याच्याकडे चार महिने राहून आल्यावर ते तेथील एका संगीत महोत्सवाचें वर्णन करीत होते. या महोत्सवांत पाश्चात्य पद्धतीचें अभिजात संगीत वाजतें. परंतु तें बहुतेक सारें आज हयात असलेल्या रचनाकारांचें, आणि त्यांतील पुष्कळ अमेरिकन. रचनाकार श्रोत्यांत येऊन बसतो, आणि कित्येकदां आपली कृति पूर्ण वाद्यवृंदाच्या तोंडून तो स्वतःहि तेथेंच प्रथम ऐकतो. हें ऐकून आमच्यांतील एक निवृत्त गृहस्थ, जे दर नोव्हेंबरांत न चुकतां बँकेंत जाऊन येतात, मोठ्यानें हंसले आणि म्हणाले, “म्हणजे हयातीचा दाखला आणल्याशिवाय प्रवेश नाहीं!” आम्हीहि हंसलों. मग दुसरे एक गृहस्थ गंभीरपणें म्हणाले, “पण विनोद सोडा. जिवंत असणें हा काय कलेंतला गुण झाला?”

आक्षेप बिनतोड आहे असें त्या दिवशीं वाटलें. आज तसें वाटत नाहीं. तें कां, हें मांडण्याचा येथें प्रयत्न आहे.

प्रथम त्या महोत्सवाची पार्श्वभूमि थोडी पाहूं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेच्या मोठ्या शहरांत वाद्यवृंद उभे राहिले, भव्य संगीतगृहें बांधलीं गेलीं. परंतु त्यांत वाजे तें मुख्यतः युरोपचें, आणि कालांतरानें अधिकाधिक दिवंगतांचें. आपल्या गांवांत कोणी लिहिणारा असेल, अशी शंकाहि कित्येक श्रोत्यांना येत नसे. या अवस्थेविरुद्ध अनेकांनीं खटपट केली. रॉचेस्टर येथील ईस्टमन संगीत विद्यालयाचे प्रमुख हॉवर्ड हॅन्सन यांनीं १९२५ पासून देशी रचनाकारांच्या नव्या कृति वाद्यवृंदाकडून वाजवून घेण्यास आरंभ केला. १९३१ पासून त्याला वार्षिक महोत्सवाचें रूप आलें, आणि तो क्रम चाळीस वर्षें चालला. न्यूयॉर्कमध्यें १९२८ ते १९३१ या काळांत ॲरन कोपलंड व रॉजर सेशन्स या दोघां तरुण रचनाकारांनीं अशाच मैफली भरविल्या.

पण या साऱ्या खटपटीमागील दुःख ज्याच्या चरित्रांत मूर्तिमंत झालें आहे, तो मनुष्य निराळाच होता. चार्ल्स आइव्ह्ज यांचा जन्म १८७४ चा. संगीताचें रीतसर शिक्षण घेऊनहि त्यांनीं न्यूयॉर्कमध्यें विम्याचा धंदा पतकरला, तो नांवारूपास आणला, आणि रात्रीं व सुटीच्या दिवशीं संगीत लिहिलें. तें वाजवावयास कोणी पुढें येईना. त्यांची तिसरी सिंफनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतली. तिचा पहिला प्रयोग झाला १९४६ सालीं, लू हॅरिसन या तरुण रचनाकाराच्या नेतृत्वाखालीं. दुसऱ्याच वर्षीं तिला पुलित्झर पारितोषिक मिळालें. आइव्ह्ज तेव्हां बहात्तर वर्षांचे होते. पारितोषिकाची निम्मी रक्कम त्यांनीं हॅरिसन यांना देऊन टाकली.

येथें गोष्ट संपविली तर ती मोठी गोड होते. ‘सत्याला उशीर होतो, पण न्याय मिळतो’, असा बोध घेऊन आपण सुखानें निजूं शकतों. परंतु खरी गोष्ट तेथें संपत नाहीं. पारितोषिक आलें त्याच्या सुमारें वीस वर्षें आधींच आइव्ह्ज यांनीं नवें लिहिणें जवळजवळ थांबविलें होतें. प्रकृति ढांसळली होती, हें त्याचें एक कारण होतें; परंतु कोणी ऐकत नाहीं या जाणिवेचा त्यांत कांहींच भाग नसेल, असें म्हणावयास आमचें मन धजत नाहीं. १९४७ च्या पारितोषिकानें जुन्या सिंफनीला न्याय मिळाला. मधल्या वीस वर्षांत ज्या सिंफन्या लिहिल्याच गेल्या नाहींत त्यांना कोण न्याय देणार? त्यांची चौथी सिंफनी तर संपूर्ण वाजली ती १९६५ सालीं, रचनाकाराच्या मृत्यूला अकरा वर्षें होत आल्यावर.

आमच्या सहकाऱ्यांनीं पाहिला तो काब्रियो महोत्सव सांता क्रूझजवळ १९६३ सालीं सुरू झाला, आणि त्याच्या संस्थापकांत हेच लू हॅरिसन होते. वृद्ध आइव्ह्ज यांची जुनी वही उघडून वाजविणाऱ्या माणसानें पुढें जिवंतांच्या संगीताला जागा करून देण्याच्या कामाला हात लावावा, यांत आम्हांला एक संगति दिसते. पुढें १९९२ ते २०१६ पर्यंत मॅरिन ऑल्सॉप या विदुषीनें त्याची धुरा वाहिली. तेथें तालमीहि लोकांना खुल्या असतात. कृति कशी अडखळते, रचनाकार उठून एखादा स्वर कसा बदलतो, हें शेजारपाजारचीं माणसें बसून पाहतात.

आतां आक्षेपाकडे वळूं. जिवंत असणें हा गुण नव्हे, हें खरेंच आहे. वाईट रचना तिचा कर्ता श्वास घेतो म्हणून चांगली होत नाहीं. परंतु गुण आणि गरज या भिन्न वस्तु आहेत. पंक्तींत आपण आधीं कोणाला वाढतों? जो अधिक विद्वान आहे त्याला नव्हे. ज्याला गाडी गांठावयाची आहे त्याला. दिवंगत रचनाकाराला घाई नसते. त्याची कृति आज ऐकली काय किंवा दहा वर्षांनीं ऐकली काय, तिच्यांत एका मात्रेचाहि फरक पडावयाचा नाहीं. जिवंताचें तसें नाहीं. कवि आपली कविता एकटाच वाचून पाहूं शकतो. चित्रकार आपल्या चित्रापासून चार पावलें मागें सरकून तें न्याहाळूं शकतो. परंतु गाण्याची परीक्षा दुसऱ्याच्या कानावांचून होत नाहीं. समोरचा श्रोता कोठें सांवरून बसला, कोठें त्याची नजर घड्याळाकडे गेली, यावरूनच रचनाकार आपल्या रचनेचा खरा अर्थ शिकतो. म्हणजे मृताच्या बाबतींत आपलें ऐकणें हा केवळ आपला लाभ आहे. जिवंताच्या बाबतींत तें त्याच्या पुढच्या कृतीचें खतपाणी आहे.

यावर आपल्याकडील रसिक म्हणेल, “हें सारें त्या लोकांना ठीक आहे. त्यांचें संगीत कागदावर लिहिलेलें असतें. आमचा गवई हाच आमचा रचनाकार; तो रोज नवा यमन मांडतो. आमची प्रत्येक मैफल हा जिवंतांचाच महोत्सव!” या म्हणण्यांत मोठें तथ्य आहे, आणि तें आम्ही अभिमानानें मान्य करतों. तीच चीज गवयाच्या मुखीं दोन दिवस सारखी राहत नाहीं, हें आपल्या गाण्याचें वैभवच आहे.

परंतु या अर्ध्या सत्याच्या पांघरुणाखालीं आपण एक आळस लपवीत नाहीं ना? विस्तार रोज नवा होतो. पण ज्या चिजेच्या खुंट्यावर तो बांधावयाचा ती चीज, जो राग फुलवावयाचा तो राग, हींहि कधीं तरी कोणी तरी प्रथम बांधलीं. आज ज्याला आपण सनातन समजतों तो ख्याल घ्या. १७१९ ते १७४८ या काळांत दिल्लीच्या तख्तावर असलेल्या महंमदशहाच्या दरबारीं नियामतखां म्हणजे सदारंग होता. त्याच्या चिजा त्या दिवशीं नव्या होत्या, त्यांत चालू बादशहाचें नांव होतें, आणि ध्रुपदाच्या अभिमान्यांना त्या उथळ वाटल्या असल्या तर नवल नाहीं. भातखंड्यांनीं उस्तादांच्या घरोघर हिंडून जुन्या चिजा गोळा केल्या हें सर्वांस ठाऊक आहे; पण याच संग्राहकानें ‘चतुर’ या नांवानें स्वतः चिजा बांधल्या, हें किती जणांना आठवतें? श्रीकृष्ण रातंजनकरांनीं ‘सुजन’ म्हणून, जगन्नाथबुवा पुरोहितांनीं ‘गुणीदास’ म्हणून रचना केल्या. कुमार गंधर्वांनीं माळव्याच्या लोकधुनांतून नवे राग शोधले आणि १९६५ सालीं ‘अनूपरागविलास’ या नांवानें आपल्या रचना छापून दिल्या. त्या वेळीं परंपरेच्या नांवानें कपाळाला आंठ्या घालणारे कमी नव्हते. प्रभाताई अत्रे यांनीं आपल्या बंदिशी ‘स्वरांगिनी’, ‘स्वररंजनी’ या ग्रंथांत एकत्र केल्या. २०२४ च्या जानेवारींत त्या गेल्या, तोंवर त्यांच्या कित्येक चिजा इतरांच्या मुखीं बसल्याहि होत्या. त्यांच्यासारखें भाग्य किती जणांना लाभतें?

आणि दूर कशाला जा? १९६७ सालीं ‘कट्यार काळजात घुसली’ हें नाटक रंगभूमीवर आलें. तें लिहिलें नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनीं, खांसाहेबांची भूमिका केली वसंतरावांनीं, आणि पदांना चाली दिल्या अडतीस वर्षांच्या जितेंद्र अभिषेकींनीं. त्या पहिल्या रात्रीं थिएटरांत बसलेल्या श्रोत्यांच्या कानांवर जें पडलें तें सारें कोरें होतें; त्याला पाठिंबा देण्यास वडिलांची आठवण नव्हती कीं ग्रामोफोनची तबकडी नव्हती. तरीहि त्यांनीं कान दिला. आज तींच पदें आपण ‘जुनें तें सोनें’ म्हणून लेकरांना ऐकवितों. हें सोनें ज्यांनीं नवें असतांना कसोटीवर घासलें त्यांचे आपण वारस आहों. पण आपण मात्र कसोटीचा दगड माळ्यावर टाकून फक्त दागिने अंगावर घालतों.

या ठिकाणीं एक शहाणपणाचें वाक्य नेहमीं पुढें येतें: ‘काळच काय तें ठरवील.’ तें आम्हीं स्वतः वर्गांत विद्यार्थ्यांना अनेकदां ऐकविलें आहे. त्यांत नम्रता आहे असें आम्हांस वाटे. आतां त्यांत पळवाट दिसूं लागली आहे. कारण काळाला स्वतःचे कान नाहींत. तो आपलेच कान उसने घेऊन ऐकतो. काळानें निवडलें याचा अर्थ इतकाच कीं, एका पिढींतील कांहीं माणसांनीं ऐकलें, त्यांना राहवलें नाहीं म्हणून त्यांनीं दुसऱ्यांना ऐकविलें, आणि असा तो धागा पुढें सरकला. पहिल्या पिढीनेंच ‘काळ ठरवील’ असें म्हणून पाठ फिरविली, तर ठरविण्यासारखें काळाच्या हातीं उरतें काय?

आपल्या जुन्या कवींना हें दुःख चांगलें ठाऊक होतें. ज्या रामगिरीवर यक्षाला बसविलें तो गिरि आपल्याच रामटेकचा, असें पुष्कळांचें मत आहे, आणि म्हणून कालिदास आपणां वैदर्भीयांना घरचा वाटतो. पण ‘मालविकाग्निमित्रा’च्या प्रस्तावनेंत हाच कालिदास एक हयात, म्हणून संशयास्पद, कवि आहे. भास, सौमिल्ल यांसारखे नामांकित पूर्वसूरि सोडून या चालू कवीच्या नाटकाला मान कां द्यावा, असा प्रश्न तेथें उघड विचारलेला आहे. आणि उत्तर असें कीं, विवेकी मनुष्य दोहोंची परीक्षा करून एक निवडतो, परक्याच्या मतानें चालत नाहीं. विदर्भांतल्या पद्मपुरचा भवभूति अधिक खिन्न होता. समकालीनांकडून त्याची निराशा झाली, आणि कधीं काळीं कोठें तरी आपल्या जातीचा मनुष्य जन्मास येईल, या आशेवर त्यानें आपलें काम सोंपविलें. आपण त्या उद्गारांतील धीरोदात्तपणाची वाखाणणी करतों. परंतु ज्यांच्यामुळें त्याला तें लिहावें लागलें, त्या समकालीनांचा विचार करीत नाहीं. ते दुष्ट नसावेत. बहुधा आपल्यासारखेच असतील. सुशिक्षित, सभ्य, जुन्या काव्यांचे चाहते.

हें आम्ही इतक्या निश्चयानें म्हणतों, याला कारण आहे. त्या समकालीनांत आम्हीहि बसून आलों आहों.

महालांतल्या एका अरुंद गल्लींत आमचे गुरुजी राहत. लहानपणीं तीन वर्षें आम्ही त्यांच्याकडे जात होतों. गळा नव्हता, पण कान थोडासा तयार झाला तो त्यांच्यामुळें. गुरुजी चिजा बांधीत, हें आम्हां सर्वांना ठाऊक होतें. लाल कापडाच्या पुठ्ठ्याची, व्यापारी हिशेबाला वापरतात तशी एक लांबट वही त्यांच्या पेटीजवळ नेहमीं असे. तींत काय आहे हें आम्हीं कधीं विचारलें नाहीं, आणि त्यांनीं कधीं सांगितलें नाहीं.

बरींच वर्षें झालीं. गुरुपौर्णिमेच्या निमित्तानें आम्हीं आमच्या घरीं त्यांचें गाणें ठेवलें होतें. वीस-पंचवीस माणसें होतीं. पाद्यपूजा झाली, शाल झाली, फराळ झाला. बाहेर आषाढाचा पाऊस लागलेला. गुरुजींनीं तंबोरा जुळविला आणि ती वही मांडीवर घेऊन, थोडेसें संकोचूनच, म्हणाले, “मल्हारांत एक नवी बांधली आहे. ऐकतां का?” आम्हीं अगदीं प्रेमानें, सर्वांच्या वतीनें म्हटलें, “गुरुजी, नवी पुढच्या खेपेला निवांत ऐकूं. आज मंडळी आलीं आहेत, तेव्हां तें आपलें नेहमींचें होऊं द्या.” ते हंसले. वही मिटून बाजूला ठेवली आणि जें मागितलें तें गायले. गाणें सुरेख झालें. जातांना सर्वांनीं तसें बोलून दाखविलें.

पुढची खेप आली नाहीं. माघांत गुरुजी गेले.

पुढच्या गुरुपौर्णिमेला त्यांच्या शिष्यांनीं एक लहानसें सभागृह घेऊन त्यांच्या स्मृतीचा कार्यक्रम केला. त्या लाल वहींतल्या सात चिजा गायल्या गेल्या. शेवटची तीच मल्हारांतली होती. तींत ब्रजांतली श्यामघटा नव्हती, कीं यमुनातीर नव्हतें; नवतप्यांत होरपळलेल्या एका गांवाची माणसें रात्रीं गच्चीवर पडून आभाळाकडे पाहत आहेत, एवढाच तिचा आशय. समेवर येण्याआधीं ती मुद्दाम किंचित् रेंगाळते, जसा आमच्या नागपूरचा पाऊस मृगाचा वायदा करून रेंगाळतो. सभागृहांत कित्येकांचे डोळे भरून आले. अध्यक्ष या नात्यानें आम्हींच भाषण केलें आणि ही वही म्हणजे या शहराचा अमोल ठेवा आहे असें सांगितलें. टाळ्या झाल्या.

कार्यक्रमानंतर काकूंना नमस्कार करावयास गेलों. त्या रागावल्या नव्हत्या. सहज बोलावें तशा म्हणाल्या, “बरं वाटलं हो तुम्ही बोललात ते. ह्यांना वाटायचं, तुम्हां लोकांना ती गाणी आवडत नसावीत.”

या वाक्यानें जी बोंच लावली ती अद्याप गेलेली नाहीं. आम्हांला तीं गाणीं आवडत नव्हतीं असें नव्हे. आम्हीं तीं ऐकलींच नव्हतीं. आमच्या दृष्टीनें आम्हीं कांहीं ठरविलें नव्हतें, फक्त पुढें ढकललें होतें. परंतु वही मिटणाऱ्या माणसाला यांतला फरक कसा कळावा? न ऐकणें हाहि एक निकाल असतो, आणि त्यावर अपील नसतें. जिवंतपणीं ज्याच्यापुढें आपण पान मांडलें नाहीं, त्याच्या पिंडाला कावळा शिवावा म्हणून हात जोडून उभें राहावें, तसें आमचें त्या दिवशींचें भाषण होतें.

मग कर्तव्य कोणतें? ‘नव्याची स्तुति करा’ असें आम्ही म्हणत नाहीं. दयेपोटीं दिलेली दाद ही भीक आहे, आणि स्वाभिमानी कलावंताला ती न ऐकण्याहूनहि अधिक लागते. नव्यांतलें बहुतेक टाकाऊच असतें. सदारंगाच्या दिवशींहि तसेंच असलें पाहिजे. आपण जें देणें लागतों तें स्तुतीचें नव्हे, अवधानाचें. दान आणि ऋण यांत भेद आहे: दान आपल्या मर्जीवर असतें, ऋण नसतें. आपण भूतकाळाकडून इतकें घेऊन बसलों आहों कीं, तें परत करावयाचें म्हटलें तरी ज्यांच्याकडून घेतलें ते आतां नाहींत. पितृऋण फेडावयाचें तें पुढच्या पिढीला जन्म देऊन व वाढवून, असें आपल्या शास्त्रानें सांगितलें. कलेंतल्या पूर्वजांचें ऋणहि त्याच मार्गानें फिटतें. पुण्यतिथीला फूल वाहून आपण तें मान्य करतों. फिटतें तें आज बांधली गेलेली चीज कान देऊन ऐकल्यानें. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून शिष्यानें गुरूच्या स्मरणार्थ चालविला, आणि त्याच मंचावर कित्येक तरुण गळे प्रथम लोकांपुढें आले. स्मरण आणि नवनिर्मिति यांत वैर नाहीं याची यापरती साक्ष नको.

अवधान ही सोपी गोष्ट नव्हे, हेंहि आम्हांला अनुभवानें कळलें आहे. त्या बैठकीनंतर जिद्दीनें आम्हीं एका हयात अमेरिकन रचनाकाराची कृति ऐकावयास घेतली: १९३७ सालीं जन्मलेल्या फिलिप ग्लास यांचें ‘सत्याग्रह’ हें संगीतनाट्य. हे गृहस्थ चाळिशीपर्यंत न्यूयॉर्कमध्यें टॅक्सी हांकून पोट भरीत. तरुणपणीं पॅरिसमध्यें रविशंकर व अल्लारखां यांच्या सहवासांत त्यांनीं लयीचा नवा विचार उचलला. १९८० सालीं रॉटरडॅम येथें प्रथम झालेल्या या नाट्यांत गांधीजींचीं दक्षिण आफ्रिकेंतलीं वर्षें आहेत, तीन अंकांवर टॉलस्टॉय, रवींद्रनाथ आणि मार्टिन ल्यूथर किंग यांची छाया आहे, आणि गायलें जातें तें संस्कृतांत, गीतेंतलें. सेवाग्राम आमच्यापासून पाऊणशें किलोमीटरांवर, गीता लहानपणापासून पाठ. तेव्हां हें आपलें वाटेल अशी आमची अपेक्षा. प्रत्यक्षांत पहिल्या खेपेस वीस मिनिटांत आम्ही बेजार झालों. तीच स्वरावलि पुन्हां पुन्हां, न संपणारी. यंत्र अडकलें कीं काय, असें घरांतून विचारणाहि झाली. दुसऱ्या खेपेस, आठवड्यानें, कान जरा वांकले. पुनरुक्ति वाटत होती तींत मात्रांची अगदीं सूक्ष्म घटवाढ चालली आहे हें ध्यानीं आलें. तिसऱ्या खेपेस शेवटच्या गांधींच्या एकट्या आवाजाच्या भागाशीं आम्ही थांबलों आणि पुढें बराच वेळ कांहीं बोलावेंसें वाटलें नाहीं. मधले कांहीं भाग आम्हांला अजूनहि कंटाळवाणे वाटतात, आणि तसें म्हणण्याचा आतां आम्हांला अधिकार आहे असें आम्ही समजतों. पहिल्या खेपेस तो नव्हता.

तेव्हां आमची सूचना अगदीं लहान आहे. काब्रियोसारखा महोत्सव आपल्याकडे उद्यांच उभा राहावा असें आम्ही म्हणत नाहीं. त्याला पैसा लागतो, माणसें लागतात. परंतु घरच्या बैठकींत, गणेशोत्सवांत, पुण्यतिथीच्या समारोहांतहि एक चीज आज हयात असलेल्या रचनाकाराची असावी. ती गातांना त्याचें नांव उच्चारलें जावें. तो त्या गांवांत असेल तर त्याला बोलावून पुढें बसवावें. आणि नंतर त्याला खरें काय वाटलें तें सांगावें. यजमानांनीं ‘नेहमींचें होऊं द्या’ हें वाक्य निदान एकदां गिळावें.

हें सारें आम्हीं त्या निवृत्त स्नेह्यांना वाचून दाखविलें. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “मग हयातीचा दाखला गाणाऱ्याचा नव्हेच. ऐकणाऱ्याचा मागायला हवा.” आम्हांला हें उत्तर सुचलें नव्हतें.

गुरुजींची एक शिष्या आतां स्वतः शिकवूं लागली आहे. तिनें चार नव्या चिजा बांधल्या आहेत. येत्या रविवारीं ती त्या धरमपेठेंतील आपल्या घरीं गाणार आहे. दहा-बारा माणसें मावतील एवढीच जागा आहे, असें तिनें कळविलें आहे. त्या आवडतीलच असें नाहीं. पण आम्ही जाणार आहों, आणि पुढें बसणार आहों.